मागच्या खोलीतला लॅपटॉप: धाब्याच्या घरात वाय-फाय पोचवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाव जळगाव जिल्ह्यातलं, तापीकाठच्या पट्ट्यातलं. घर शेतकऱ्याचं, पुढून जुनं. ओटा, बैठक, माजघर, स्वयंपाकघर असं एकामागे एक, आणि वर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन फूट जाड. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी आत पंख्यावर भागतं, म्हणून पुढचा भाग पाडायला कोणी तयार नाही आणि तेच शहाणपणाचं आहे. स्वयंपाकघराच्या मागे उघडं आंगण आणि त्यापलीकडे सात-आठ वर्षांपूर्वी बांधलेली स्लॅबची खोली.

घरातली थोरली सून पुण्यातल्या एका कंपनीत काम करते. तिला इथे वहिनी म्हणू, कारण तिचा दीर, म्हणजे ज्याने मला बोलावलं तो, तिला तसंच म्हणतो. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा हिवाळ्यात तिने मागच्या स्लॅबच्या खोलीत टेबल मांडलं. दिवसातून तीन-चार व्हिडिओ कॉल, उरलेला वेळ कंपनीच्या सर्व्हरवर काम. लॅपटॉप कंपनीचाच. त्यावर नवं काही टाकायचं किंवा ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) बदलायचा, तर पुण्याच्या आयटी विभागाची परवानगी हवी. पुढे या गोष्टीला बरंच महत्त्व आलं.

इंटरनेट फायबरचं, गावातल्या केबलवाल्याकडून घेतलेलं. त्याच्या माणसाने वायर ओट्यावरून आत घेतली आणि डबा, म्हणजे राउटर, बैठकीत टीव्हीमागच्या फळीवर ठेवला. अशी जोडणी करणारा माणूस वायर जिथे सगळ्यात कमी लागते तिथेच डबा ठेवतो. घरच्यांनीही दुसरीकडे ठेव असं म्हटलं नव्हतं, कारण तेव्हा नेट फक्त टीव्हीसाठी आणि मोबाइलसाठी होतं.

अडचण कशी वाढत गेली

हिवाळ्यात काम चाललं. अधूनमधून आवाज तुटायचा, पण निभत होतं. मार्च संपता संपता तक्रार वाढली. सकाळचे कॉल ठीक, पण अकरा वाजल्यापासून चित्र गोठायचं, आवाज रोबोसारखा यायचा आणि मीटिंगमधून ती आपोआप बाहेर पडायची. संध्याकाळी पुन्हा जरा बरं.

घरातल्यांनी यावर आपापल्या परीने उपाय केले. पहिला उपाय पैशाचा. ५० एमबीपीएसचा प्लॅन होता, तो १०० चा केला आणि केबलवाल्याने सवलत दिली म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरले. फरक शून्य. मग दिराने ऑनलाइन एक रिपीटर मागवला, वाय-फायचं सिग्नल पकडून पुढे देणारा, प्लगमध्ये खोचायचा असतो तो, आणि मागच्या खोलीत टेबलाशेजारच्याच बोर्डात लावला. लॅपटॉपवर वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरल्या. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कॉल पुन्हा तुटला.

त्यानंतर आखाजी (अक्षय्य तृतीया) आली आणि वहिनी माहेरी गेली. लॅपटॉप सोबत होताच. तिथे साध्या ४० एमबीपीएसच्या जोडणीवर एकही कॉल तुटला नाही. निष्कर्ष निघाला: लॅपटॉप चांगला, आपलं नेट वाईट. पण परत आल्यावर दिराने मागच्या खोलीत स्वतःच्या मोबाइलवर व्हिडिओ लावून दाखवला आणि तो सुरळीत चालला. आता निष्कर्ष उलटा: नेट चांगलं, लॅपटॉप वाईट. केबलवाल्याने दुसऱ्या निष्कर्षाला लगेच पाठिंबा दिला. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, डब्याकडे बोट दाखवून मला पहिल्याच भेटीत विचारलं, "डब्बाना लाइट हिरवा शे, मंग नेट का बरं नही?"

तो प्रश्न अगदी बरोबर होता. हिरवा दिवा फक्त एवढंच सांगतो की बाहेरून डब्यापर्यंत फायबर ठीक आहे. डब्यापासून लॅपटॉपपर्यंतच्या हवेतल्या साठेक फुटांबद्दल त्याला काहीच माहीत नसतं.

आधी मोजणी

अशा कामात पहिला निर्णय हाच असतो की काही विकत आणायचं की आधी मोजायचं. इथे दोनदा विकत घेऊन झालं होतं, त्यामुळे मोजण्याला कोणाचा विरोध नव्हता.

सुरुवात बैठकीतून केली. माझा लॅपटॉप केबलने थेट डब्याला जोडला, वेग पाहिला. १०० च्या प्लॅनवर नव्वदच्या वर. दुपारी पुन्हा पाहिला, तोच. म्हणजे बाहेरची लाइन निर्दोष. मग वहिनीच्या लॅपटॉपवरून मागच्या खोलीत बसून डब्यालाच पिंग लावलं. पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ असतो, इथेही तोच होता. या तपासणीत इंटरनेटचा संबंधच येत नाही. लॅपटॉप घरातल्याच डब्याला हाक मारतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते दिसतं. बैठकीत बसून २-३ मिलिसेकंद येत होते. मागच्या खोलीत कधी ५, कधी ३००, आणि मध्येच उत्तरच नाही. प्लॅन वाढवून फरक का पडला नाही, याचं उत्तर या एका तपासणीत मिळालं. ही तपासणी कोणीही करू शकतं. तिला पैसे लागत नाहीत आणि ती केबलवाल्याशी होणारं भांडण वाचवते.

पुढची पायरी सिग्नलच्या आकड्याची. दांड्यांवर विसंबू नये. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' ही कमांड दिली की सिग्नल टक्क्यांत दिसतो आणि चॅनेलचा नंबरही दिसतो. (इंग्रजीत लिहिताना नेटश म्हणजे एन-ई-टी-एस-एच. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत लोकेशन बंद असेल तर ही कमांड अडते, आधी ते चालू करावं.) टक्के निम्मे करून त्यातून शंभर वजा केले की डीबीएम मिळतो, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककातला आकडा. ६० टक्के म्हणजे उणे ७०. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा हवा. उणे ७० ते ७५ म्हणजे नशिबावर, आणि उणे ८० च्या खाली कॉलचा आग्रह धरू नये. हे मोजमाप साधं वाटतं, पण दर दहा डीबीला ताकद दहापट बदलते. उणे ७० आणि उणे ८० यांत दिसायला थोडासाच फरक आहे, प्रत्यक्षात एक आकडा दुसऱ्याच्या दहापट आहे.

भर दुपारी टेबलावर, रिपीटर काढून, लॅपटॉपने दाखवलं: सिग्नल २८ टक्के, म्हणजे उणे ८६. चॅनेल ४४.

या चॅनेलच्या नंबरानेच पहिला धागा हाती लागला. वाय-फायचे १ ते १३ हे चॅनेल २.४ गिगाहर्ट्झचे, आणि ३६ पासून पुढचे ५ गिगाहर्ट्झचे. डबा दोन्ही पट्टे एकाच नावाने देत होता आणि लॅपटॉप त्यातला ५ गिगाहर्ट्झचा धरून बसला होता. ५ चा पट्टा वेगवान खरा, पण जाड भिंतींत तो २.४ पेक्षा जास्त गळतो. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, जिथे डबा आणि टेबल यांच्यात चार इंची भिंत असते, तिथे तोच चांगला. दोन फुटी मातीत नाही.

मोबाइलचं कोडंही इथेच सुटलं. दिराला मोबाइल डेटा बंद करून तोच व्हिडिओ लावायला सांगितला. अर्ध्या मिनिटात गोल चक्र फिरायला लागलं. आजकालचे बरेच मोबाइल वाय-फाय अशक्त दिसलं की मुकाट्याने सिमच्या डेटावर जातात. म्हणजे दिराने दाखवलेला पुरावा वाय-फायचा नव्हताच, गावातल्या टॉवरचा होता. आखाजीचा पुरावाही अर्धाच होता. माहेरी डबा आणि लॅपटॉप एकाच खोलीत होते.

पत्रा, पाणी आणि माती

डब्यात २.४ आणि ५ ची नावं वेगळी करून लॅपटॉप २.४ वर आणला. ४० टक्के झाले, उणे ८०. सुधारणा झाली, पण पुरेशी नाही. आता घराकडे पाहायची वेळ होती.

बैठकीतून निघालेली लहर मागच्या खोलीत कशी पोचते, याचा अंदाज घेण्यासाठी मी डब्यापाशी उभा राहून मागे पाहिलं. बैठक, माजघर, स्वयंपाकघर यांची दारं जवळजवळ एका रेषेत. जुन्या घरांत असं बरेचदा असतं. लहर भिंतींतून फारशी येतच नव्हती, ती या दारांच्या ओळीतून येत होती आणि आंगण ओलांडून मागच्या खोलीच्या खिडकीत शिरत होती. हिवाळ्यात ही वाट मोकळी होती.

मार्चमध्ये दोन गोष्टी झाल्या. मागच्या खोलीच्या आंगणाकडच्या खिडकीत कूलर बसला. कूलर म्हणजे तिन्ही बाजूंनी पत्र्याची जाळी, आत पाण्याची टाकी आणि ओल्या जाळ्या. धातू लहर परतवतो आणि पाणी शोषतं. खोलीला लहरीसाठी एकच खिडकी होती आणि तिच्यात दोन्ही एकदम येऊन बसले. दुसरी गोष्ट स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची. ते दार पत्र्याचं आहे. उन्हाळ्यात अकराच्या सुमारास झळा सुरू झाल्या की काकू, म्हणजे वहिनीच्या सासूबाई, ते लावून घेतात आणि पाचनंतर उघडतात. वहिनीचे कॉल तुटायची वेळ आणि या दाराची वेळ एकच होती. घरात कोणी ती जोडली नव्हती, आणि जोडावी असं कारणही नव्हतं. दाराचा आणि इंटरनेटचा संबंध कोण लावील?

शहानिशा केली. कूलर चाकांच्या स्टँडवर होता, तो बाजूला ओढला: ४८ टक्के, उणे ७६. मग काकूंना विनंती करून मागचं दार उघडलं: ५८ टक्के, उणे ७१. दोन्ही मिळून नऊ डीबी, म्हणजे जवळजवळ आठपट ताकद, एक रुपया खर्च न करता. माजघरात धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांची रांग आणि एक लोखंडी कपाट होतं, त्यांचाही काही वाटा असणार. पण नुकताच वर्षाचा गहू भरून झाला होता. त्या कोठ्या हलवा असं म्हणण्याची माझी हिंमत झाली नाही आणि गरजही नव्हती.

गावात या बाबतीत एक सोय असते. आजूबाजूला दुसरे वाय-फाय दोन-तीनच दिसत होते. शहरातल्या इमारतीत पंचवीस-तीस नेटवर्क एकमेकांच्या अंगावर येतात आणि निम्मा वेळ चॅनेल निवडण्यात जातो. इथे २.४ ला चॅनेल १ आणि पट्ट्याची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली आणि तो विषय संपला.

कोणते पर्याय होते

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा उपाय काकूंनीच सुचवला: सूनबाईने लॅपटॉप घेऊन बैठकीत बसावं. तंत्राच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. पण बैठकीत दिवसभर माणसं येतात. कापसाचा भाव, पाण्याची पाळी, कोणाच्या सोयरिकीची बोलणी. तिथे बसून कंपनीच्या ग्राहकाशी बोलायचं कसं? वहिनी म्हणाली, "आई, मला दार लावता येईल अशी जागा हवी." पुढे कोणी ताणलं नाही. नेटवर्कचं काम करणारे लोक 'डब्याजवळ बसा' हा सल्ला फार सहज देतात. घरात कोण कुठे बसू शकतं हे आधी विचारावं, तो सल्ला नंतर द्यावा.

कूलर बाजूच्या खिडकीला लावून मागचं दार दिवसभर उघडं ठेवायचं, हा दुसरा. कूलरचं जमणार होतं. दाराचं नाही. मे महिन्यात खान्देशात दुपारी मागचं दार उघडं ठेवायला सांगणं म्हणजे काकूंना चुलीसमोर आणखी एक चूल मांडून देणं.

डबाच आत हलवायचा, माजघरात किंवा स्वयंपाकघरात, हा तिसरा. बाहेर फायबरचं थोडं वेटोळं शिल्लक होतं, ते माजघरापर्यंत पुरलं असतं. हलवण्याआधी फायदा मोजायची एक युक्ती आहे. ज्या जागी डबा न्यायचा विचार आहे तिथे मोबाइल ठेवून त्याचा हॉटस्पॉट २.४ वर चालू करायचा आणि टेबलावर लॅपटॉपचा सिग्नल पाहायचा. मोबाइलची ताकद डब्यापेक्षा कमी असते, त्यामुळे आकडा तसाच धरू नये, पण दोन जागांची आपसात तुलना नीट होते. माजघरातल्या जागेने बैठकीपेक्षा थोडासाच फरक दिला. कोठ्या आणि पत्र्याचं दार तर वाटेत होतेच. स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्याने चांगला फरक दिला, पण तिथे फोडणीचा धूर, उष्णता, आणि फायबर नव्याने जोडून घ्यायचा खर्च. शिवाय टीव्हीला केबल होती, ती तुटली असती. अप्पा म्हणाले, "पैसा लागतीन ते लागतीन, पन भित फोडानी नही." इथे मातीच्या भिंतीचा प्रश्न खरा होता. दोन फुटी जुन्या भिंतीत ड्रिल मारलं की भोक किती मोठं पडेल ते कोणाच्या हातात राहत नाही.

रिपीटर घरात होताच. तो फसला कारण तो चुकीच्या जागी होता. मागच्या खोलीत तो तेच अशक्त, तुटकं सिग्नल पकडत होता आणि ते जोरात पुढे देत होता. लॅपटॉपच्या दांड्या रिपीटरपर्यंतचं अंतर दाखवत होत्या, डब्यापर्यंतचं नाही. रिपीटर अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगलं आहे तिथे लावावा लागतो. इथे ती जागा स्वयंपाकघर. एकाच पट्ट्यावर घेणारा आणि देणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो. पण व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, त्यामुळे निम्मा वेग ही काही मोठी अडचण नव्हती. अडचण पुन्हा त्या दाराची. स्वयंपाकघरातून मागे जाताना पत्रा लागतोच. दुपारी लावून पाहिला. बरा चालला, पण पिंगमध्ये उड्या राहिल्या.

वीजवायरीतूनच नेट नेणारे अडॅप्टर मिळतात. मागच्या खोलीची वायरिंग मोटारीच्या बोर्डाकडून, वेगळ्या फेजवर होती, म्हणून तो पर्याय मी पुढे नेला नाही. मेशचे, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर वाय-फाय पसरवणारे, दोन-तीन डबेही हवेतूनच बोलतात, म्हणजे पत्रा आणि माती त्यांनाही चुकत नाही. केबलने जोडले तर मेश उत्तम, पण केबल टाकायचीच असेल तर महागडा मेश कशाला?

लॅपटॉपच्या बाजूचा पर्यायही तपासला. चांगल्या अँटेनाचा यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लावला तर पाच-सहा डीबी मिळू शकतात. वाय-फाय दोन्ही बाजूंनी चालतं, हे लोक विसरतात. बैठकीतून अप्पांनी मोठ्याने हाक मारली तर मागे ऐकू येते, पण मागून वहिनीने हळू दिलेली 'ओ' बैठकीत पोचत नाही. डबा आणि लॅपटॉप यांचं तसंच असतं, म्हणून नुसती डब्याची सिग्नल पाठवायची ताकद वाढवून भागत नाही. पण कंपनीच्या लॅपटॉपवर अडॅप्टरचा ड्रायव्हर टाकायला परवानगी लागणार होती. वहिनीने विनंती पाठवली. उत्तर आलं: बाहेरचा वाय-फाय अडॅप्टर चालणार नाही, मात्र यूएसबीतून केबल जोडायचा डोंगल मागितला तर कंपनी पाठवेल. या एका ओळीने निवड सोपी केली.

काय केलं

ठरलं ते असं: बैठकीतल्या डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत केबल, आणि तिथे घरात पडून असलेला जुना राउटर दुसरा डबा म्हणून.

केबल कुठून न्यायची यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं धाब्यावरून सरळ न्यावी, तासाभराचं काम. पण खान्देशातल्या उन्हात घरात वापरायच्या केबलचं प्लास्टिक एक-दोन उन्हाळ्यांत तडकतं. आणि धाब्यावर उघडी तांब्याची केबल म्हणजे वळिवाच्या विजांना आमंत्रण. शेवटी आतून नेली. दारांच्या वरच्या बाजूला चौकटीलगत आधीच वायरी नेलेल्या फटी होत्या, त्यातून. एकही नवं भोक नाही, अप्पा खूश. माजघरात कोठ्यांमागे उंदरांचा वावर आहे, म्हणून तेवढ्या भागात पीव्हीसी पाइप घातला. आंगणातले बारा-पंधरा फूट जमिनीत पाइप पुरून.

या आंगणाच्या तुकड्यावर आणखी एक निर्णय होता. दोन इमारतींमध्ये तांबं न नेता फायबर नेलं तर विजेचा झटका एका बाजूकडून दुसरीकडे जात नाही. काच वीज वाहून नेत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना फायबरला केबलशी जोडणारे कन्व्हर्टर लागतात आणि त्या तुकड्याचा खर्च दुप्पट-तिप्पट होतो. आधीच वर्षाचा प्लॅन आणि रिपीटर यात पैसे गेलेले. घरच्यांनी तांब्याची केबल निवडली आणि आकाशात गडगडू लागलं की दोन्ही टोकं काढायची असं ठरलं. केबल कॅट ६, शुद्ध तांब्याची. बाजारात अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबलही त्याच नावाने मिळते, ती घेऊ नये, वाकवली की तुटते. एकूण लांबी तीस मीटरच्या आतच राहिली. मर्यादा शंभर मीटरची आहे, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

जुन्या राउटरमध्ये तीन बदल केले. त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, म्हणजे पुढच्या डब्याशी भांडण नको. डीएचसीपी बंद केलं, कारण घरात पत्ते वाटणारा एकच हवा. आणि केबल 'वॅन' लिहिलेल्या भोकात न घालता 'लॅन'मध्ये घातली. दोन राउटर जोडताना बहुतेक लोक इथे अडखळतात. 'वॅन'मध्ये घातली तरी नेट चालतं, पण घरात दोन वेगळी जाळी तयार होतात आणि मग प्रिंटर सापडत नाही, टीव्ही सापडत नाही. २.४ ला चॅनेल ११ दिला, पुढच्या १ पासून लांब.

नाव मुद्दाम वेगळं ठेवलं. दोन्ही डब्यांना एकच नाव द्यायची पद्धत आहे, आणि माणूस घरभर फिरत असेल तर ती चांगली. पण लॅपटॉप बरेचदा जुन्या, अशक्त डब्याला चिकटून राहतो. वहिनीचा लॅपटॉप टेबलावरून हलत नाही. वेगळं नाव असलं की तो कशाला जोडलाय हे तिला एका नजरेत कळतं.

इलेक्ट्रिशियनने राउटर स्लॅबखाली उंच बसवायची तयारी केली होती, सिग्नल चांगलं पसरेल म्हणून. एरवी बरोबर. पण घरगुती राउटर साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनलेले असतात आणि मे महिन्यात दुपारी स्लॅबलगतची हवा त्याहून तापते. तो टेबलाच्या उंचीवर, उत्तरेच्या भिंतीला लावला. एका खोलीपुरतं सिग्नल कुठूनही पुरतं. कूलर बाजूच्या खिडकीला गेला तो तिथेच राहिला.

एक छोटी गोष्ट लॅपटॉपवर. लाइट गेली की नेट अडखळतं अशी वहिनीची वेगळी तक्रार होती, डबा इन्व्हर्टरवर असूनही. बॅटरीवर आल्यावर विंडोज वाय-फाय कार्डाची वीज वाचवू लागतं. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये वायरलेस अडॅप्टर बॅटरीवरही पूर्ण क्षमतेने चालू ठेवायचा पर्याय या लॅपटॉपवर दिसत होता आणि त्याला आयटीची परवानगी लागली नाही. तो बदलला. मागच्या राउटरलाही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलं.

निष्पत्ती

टेबलावर सिग्नल ९६ टक्के, उणे ५२. डब्याला पिंग २ ते ४ मिलिसेकंद, भर दुपारी, मागचं दार बंद आणि कूलर चालू असताना. वेग ९० च्या आसपास अडतो, कारण जुन्या राउटरची भोकं १०० एमबीपीएसचीच आहेत, आणि प्लॅनही तेवढाच आहे. कॉल तुटायचे थांबले. दोन आठवड्यांनी कंपनीचा डोंगल आला, तेव्हा वहिनीने महत्त्वाच्या मीटिंगला थेट केबल जोडायला सुरुवात केली. रिपीटर दिराने गोठ्याजवळच्या कॅमेऱ्यासाठी वापरला, स्वयंपाकघरात लावून.

जूनच्या सुरुवातीला वळिवाचा मोठा पाऊस झाला. घरचे सगळे लग्नाला गेले होते, टोकं काढायला कोणी नव्हतं. मागच्या राउटरचं, केबल जोडलेलं लॅनचं भोक गेलं. दुसऱ्या भोकात केबल घातल्यावर राउटर चालू झाला, पुढचा डबा वाचला. यावेळी कन्व्हर्टरच्या खर्चावर अप्पांनी वाद घातला नाही. पाइप आधीच पुरलेला होता, त्यातून तांबं ओढून काढताना त्यालाच फायबर बांधून आत घेतलं.

वेगळं काय करता आलं असतं

प्लॅन वाढवण्याआधी डब्याला पिंग लावलं असतं तर वर्षाचे जादा पैसे वाचले असते. त्यासाठी कोणाला बोलावायचीही गरज नव्हती. रिपीटरचंही तेच. तो टेबलाशेजारी न लावता घरभर फिरवून पाहिला असता तर निदान पत्र्याच्या दाराचा संशय लवकर आला असता.

कंपनीच्या आयटी विभागाला पहिल्या आठवड्यातच विचारायला हवं होतं. वहिनीला वाटत होतं की घरच्या नेटची तक्रार केली तर घरून काम करायची मुभाच जाईल. ही भीती मला अनेक घरांत दिसते आणि ती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण विचारताना 'नेट जातं' असं न लिहिता 'केबल जोडायला डोंगल हवा' असं लिहिलं तर प्रश्न वस्तूचा होतो, माणसाचा राहत नाही.

दोन इमारतींमध्ये उघड्यावरून जाणारा तुकडा फायबरचाच हवा, या मतावर मी आता आलो आहे. वीज पडताना घरात माणूस असेलच असं धरून चालता येत नाही. जुन्या घराला लागून नवी खोली बांधणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच असतं की पाया भरताना जुन्या घरापासून नव्या खोलीपर्यंत एक इंची पाइप रिकामा टाकून ठेवा, आत दोरी सोडून. आणि केबलवाल्याचा माणूस फायबर घेऊन दारात आला की त्याला ओट्यावर चहा द्या, पण डबा कुठे बसवायचा ते त्याने वायर सोडण्याआधी ठरवा.